कस्तुराबाई भाकरी वाकडी थापायच्या

२३ जानेवारी, शुक्रवार

गिरणीवाला दरवर्षी डायरी देतो. दरवर्षी ती चुलीमागच्या फळीवर पडून राहते आणि दिवाळीच्या झाडलोटीत रद्दीत जाते. यंदा उघडली. मी चौथी शिकलेली, अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कुणाला दाखवायचं नाही, त्यामुळं चालतंय. दुपारी हात मोकळे असतात म्हणून लिहायचं, दुसरं काही नाही.

मंगळवारी कस्तुराक्का गेली.

एवढं लिहिलं आणि उठून भांडी घासली. भांडी घासलेलीच होती.

आम्ही दोघी बाळीवेशीत माझ्या घरी कडक भाकरीचा धंदा करतो. करत होतो. ती थापायची, मी भाजायची आणि निखाऱ्याला उभी करून कडक करायची. वीसेक वर्षं झाली असतील. ती धनगराची, सांगोल्याकडच्या वाडीवरची. नवरा गेल्यावर पोराला दिराच्या घरी ठेवून कामासाठी सोलापुरात आली, ती माझ्या मागच्या खोलीत राहिली. माझा नवरा गेला, पोरगी भुवी लग्न होऊन पुण्याला गेली, ही राहिली.

मंगळवारी सकाळी थापण्याचा आवाज थांबला. मी वर न बघताच म्हटलं, "हात चालव की, तवा जळतोय." उत्तर आलं नाही म्हणून बघितलं. काटवटीवर वाकलेली होती. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. तिथली पोरगी विचारते, "तुम्ही पेशंटच्या कोण?" मी म्हटलं, "आधी तिला बघ, मग माझं बघ." दुपारपर्यंत सगळं संपलं.

तिचा मुलगा बिरुदेव संध्याकाळी गाडी घेऊन दवाखान्यात आला. बरोबर चुलता धुळाप्पा आणि घरच्या बायका. मी गाडीत चढायला गेले तर धुळाप्पा म्हणाला, "बाई, घरच्यांनाच जागा न्हाय. तुमी कशाला तरास घेताय?" दार लागलं. गाडी गेली. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. बरोबर आलेली शेजारीण म्हणाली, "हातात काय धरलंय?" बघितलं तर कस्तुराक्काची चप्पल.

२४ जानेवारी, शनिवार

आज पेपरात तिचं आलं.

सिद्धलिंगच्या दुकानाला भाकरीचा गठ्ठा जातो, त्याला बाहेरून आम्ही पेपर गुंडाळतो. गुंडाळायच्या आधी मी निधनाचं पान मोठ्यानं वाचायची. कस्तुराक्काला वाचता येत नव्हतं. चहा घेऊन पाय पसरून बसायची आणि म्हणायची, "हं, आज कोण कोण गेलं?" एकेकाचं ऐकून तिची हजेरी सुरू व्हायची. "आयला शिवे, ह्यो बी मनमिळाऊ? सोलापुरात इतके मनमिळाऊ राहत्यात, मग मला जितेपणी एक बी कसा भेटना?"

मी म्हणायची, "तुझ्यात काय लिहू?"

"लिव की, भाकरी वाकडी थापायची. आन मग त्यो पेपर भाकरीलाच गुंडाळ. वाया घालवू नगंस."

आज आलेलं असं: "कै. कस्तुराबाई म्हाळाप्पा गावडे, वय ६३, यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. त्यांच्या पश्चात मुलगा, सून, दोन नातू असा परिवार आहे. तेरावा १ फेब्रुवारी रोजी वाडीवर." संपलं. एवढीशी चिटोरी. कसला अल्पसा आजार? भाकरी थापता थापता गेली बाई. सोलापूर हा शब्दसुद्धा नाही. मधली वीस वर्षं ती काय हवेत लटकत होती?

तेराव्याच्या दिवशी मी दुसरं देणार आहे. नीट. ठरलं.

कागद घेऊन बसले. "कस्तुराबाई" लिहिलं आणि पुढं गाडी हलेना. भुवीला फोन लावला.

"अव्वा, मी मीटिंगमध्ये आहे."

"मीटिंग बंद कर. कस्तुराक्काचं लिहून दे."

"मला कुठं तसलं मराठी जमतंय? दिवाळीत तुझ्या फोनमध्ये एआय टाकून दिलंय बघ, ते गोल चिन्ह. तू नुसतं बोल, ते लिहून देतं. काही पण विचार. कितीही वेळ बोल. कंटाळत नाही ते."

कंटाळत नाही, हे तिनं दोनदा सांगितलं.

२५ जानेवारी, रविवार

गोल चिन्ह दाबलं. म्हटलं, "कस्तुराबाई वारली. पेपरात द्यायचंय. लिही."

ते म्हणालं, "आपल्या दुःखात मी मनापासून सहभागी आहे."

"तू कशाला सहभागी? तू काय तिला ओळखत होतास?"

ओळखत नव्हतं म्हणे. पण लिहून मोकळं झालं. मला चहा गाळायलाही त्याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो. "मायेची सावली हरपली! मनमिळाऊ, हसतमुख आणि सर्वांना आपलेसे करणाऱ्या कस्तुराबाईंची प्राणज्योत मालवली. धार्मिक व सामाजिक कार्यात त्या सदैव अग्रेसर असत."

मनमिळाऊ! मला असं हसू फुटलं. हसत हसत तिच्या पाटाकडं बघितलं, ती काय म्हणते म्हणून.

फोन बंद केला.

२७ जानेवारी, मंगळवार

काल झेंडावंदनाची सुट्टी, तरी दिवसभर त्या एआयशी डोकं लावलं. चुलीजवळ धग लागते म्हणून फोन तिच्या पाटावर ठेवते. थापायचं आणि भाजायचं दोन्ही मीच करते आहे, तोंड रिकामंच असतं.

मी म्हटलं, "हसतमुख काढ. ती सकाळी कुणाला तोंड दाखवायची नाही."

"क्षमस्व. दुरुस्ती केली आहे."

"सामाजिक कार्य काढ. गल्लीतल्या भिशीत सुद्धा नव्हती ती."

"आपले बरोबर आहे. क्षमस्व."

"आणि सावली काय? ती चुलीपुढं बसणारी बाई. सावलीत कधी बसली?"

"क्षमस्व."

वीस वर्षांत कस्तुराक्कानं एक चूक कबूल केली नाही. पिठात मीठ जास्त पडलं तर म्हणायची, "आज तुझी जीभ बिघडलीया." हे आपलं दर वाक्याला क्षमस्व. मी मुद्दाम शिव्या घातल्या. कन्नडमधनं घातल्या. तरी म्हणतंय, आपल्या भावना मी समजू शकतो. भांडता येत नाही त्याला. असल्याबरोबर दिवस कसा काढायचा माणसानं?

एका गोष्टीला मात्र थोडं अडलं. मी सांगितलं, लिही, भाकरी वाकडी थापायच्या. तर म्हणतंय, "'वाकडी' हा शब्द श्रद्धांजलीत अनादराचा वाटू शकतो. 'त्यांच्या हातच्या भाकरीला अवीट गोडी होती' असे लिहू या का?"

"गोडी कसली? कडक भाकरी आहे, जिलबी नाही."

मग त्याला नीट समजावून सांगितलं. तिचा डावा अंगठा लहानपणी गाडीच्या चाकात सापडून आत मुडपलेला होता. त्यामुळं भाकरी एका अंगाला पोट सुटल्यासारखी पसरायची. मी पहिल्या वर्षी लई बोलले तिला. मग गिऱ्हाईक त्याच पोटावरनं आमची भाकरी ओळखायला लागलं आणि माझं तोंड बंद झालं. हे सगळं सांगता सांगता तीन भाकऱ्या करपल्या.

ऐकून घेतलं त्यानं. शेवटी म्हणालं, "फार सुंदर आठवण आहे."

आठवण नाही. गेल्या मंगळवारपर्यंत असंच चाललं होतं.

२८ जानेवारी, बुधवार

थापायला बजाबाई म्हणून एक बाई लावली. गोल थापते, हात चालतो, काही बोलत नाही. दुपारी मी म्हटलं, पेपर वाचू का, आज कोण गेलं बघू. ती म्हणाली, "अगं बाई, मेलेल्याचं कशाला वाचायचं? अपशकुन असतोय."

उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं.

२९ जानेवारी, गुरुवार

सिद्धलिंग दुकानातनं स्वतः आला. "शिवलीलाक्का, माल दुसरीकडनं घेताय काय? गिऱ्हाईक म्हणतंय, ह्या त्या भाकऱ्या न्हाईत."

"पीठ तेच, चूल तीच, तवा तोच."

"मग गोल कशा काय झाल्या?"

मी त्याला कस्तुराक्काचं सांगितलं. त्याला माहीत नव्हतं. त्याची आमची उठबस रोजची, तो पेपर रोज घेतो, तरी माहीत नव्हतं. असली चिटोरी छापल्यावर कळणार कुणाला? त्यानं टोपी काढून हात जोडले. मग म्हणाला, उद्या दोन गठ्ठे जास्त द्या.

३० जानेवारी, शुक्रवार

आज काम फत्ते केलं.

एआयचं लिहिणं काही जमिनीवर येईना. एक फुगा फोडला की दुसरा फुगवतंय. मग मला युक्ती सुचली. माझा नवरा राजशेखर गेला तेव्हा दिरानं पेपरात दिलेलं कात्रण देवघरात आहे. ते त्याला वाचून दाखवलं. "असं लिही. साधं. नाव बदल, गाव बदल, मी सांगते तेवढंच घाल."

मग मात्र बरोबर आलं. मी एकेक सांगत गेले, ते लिहीत गेलं:

"कस्तुराबाई म्हाळाप्पा गावडे, वय ६३, या २० जानेवारी रोजी सोलापूर येथे काम करता करता लिंगैक्य झाल्या. बाळीवेशीत वीस वर्षे त्यांनी कडक भाकरी केली. त्या भाकरी वाकडी थापायच्या. गिऱ्हाईक त्यावरून भाकरी ओळखायचे. त्यांना खोटे बोलता येत नव्हते. चहात साखर जास्त लागायची. त्यांच्या पश्चात मुलगा, सून, दोन नातू आहेत."

मी चार वेळा वाचलं. ह्यात एक शब्द खोटा नाही.

मग ते विचारतंय, "शेवटी 'शोकाकुल' म्हणून आपले नाव द्यायचे असल्यास, आपले त्यांच्याशी नाते काय लिहू?"

दवाखान्यातली पोरगी बरी, तिला डाफरता तरी आलं. ह्याला म्हटलं, "तूच सांग."

त्यानं यादी दिली. जिवलग मैत्रीण. मानलेली बहीण. सहकारी. मालकीण. मैत्रिणी शाळेतल्या पोरींना असतात. बहीण म्हणावं तर माझ्या सख्ख्या बहिणीचा वर्षात एक फोन येतो. सहकारी म्हणजे बँकेतले. मालकीण म्हटलं असतं तर तिनं उलथनं फेकून मारलं असतं.

म्हटलं, "नातं राहू दे. नुसतं नाव घाल."

ते म्हणालं, "आपण दोघींनी वीस वर्षे एकत्र घालवली, ही फार मोठी गोष्ट आहे. आणखी काही सांगायचे आहे का?"

मजकूर तर संपला होता. पण चूल पेटलेली होती, तर बसून सांगत राहिले. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा पाटावर न बसता उंबऱ्यात बसली होती, ते. मला टायफाइड झाला तेव्हाचं. भुवीच्या लग्नात तिनं हळदीच्या दिवशी आमच्या सगळ्या पाहुण्यांना भांडून जेवायला बसवलं, ते. काय बिघडतंय, कंटाळत तर नाही ते.

३१ जानेवारी, शनिवार

पेपरच्या जाहिराती घेणारा वीरभद्रप्पा मंगळवार पेठेत बसतो. मजकूर फोनवरनं त्याला दिला. फोटो मागितला. माझ्याकडं तिचा एकच आहे. भुवीनं मागच्या उन्हाळ्यात काढलेला, काटवटीपुढं बसलेली, कपाळ घामानं चकचकीत, "काय फोटो काढतीयास, पोरी" म्हणताना तोंड उघडं.

वीरभद्रप्पानं वाचलं. "हे वाकडी काय?"

"आहे तसं छाप."

"आन खाली काय? शिवलीला राजशेखर हिरेमठ व परिवार?"

"परिवार कुठला? मी एकटी आहे."

"असं लिवायची पद्धत असतीया, बाई. नुसतं एकटं नाव बरं दिसत न्हाय."

बरं दिसायचा त्याला लई शौक. पण घरी तवा तापत ठेवून आले होते. म्हटलं, घाल काय घालायचं ते.

१ फेब्रुवारी, रविवार

आलं. मोठं आलं. फोटोसुद्धा छान आलाय. वर वीरभद्रप्पानं शिवलिंगाचं चित्र घातलं आहे, राजशेखरच्या वेळी होतं तसंच. न सांगता घातलं, म्हटलं, भला माणूस.

पाच पेपर आणले. दुपारी चहा केला, पाटासमोर बसून मोठ्यानं वाचलं. "हं, आज कोण कोण गेलं?" हे पण मीच म्हटलं.

आज वाडीवर तेरावा. आमंत्रण नव्हतं. म्हणजे जायचा प्रश्नच नाही, माल पण द्यायचा होता.

भुवीला फोटो पाठवला पेपरचा. तिनं दोन हात जोडलेले पाठवले.

२ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी फोन वाजला.

"शिवलीलाबाई बोलताय का? मी बिरुदेव. काय छापलंय तुमी पेपरात?"

"वाचलंस ना? तुझ्या आईचं छापलंय."

"लिंगैक्य? आमची आई लिंगायत कवा झाली? काल समदे पाव्हणे पेपर घिऊन बसले हुते. वर लिंगाचं चित्र, कपाळाला इभूत. चुलता म्हणतोय, सोलापुरात तिला लिंगायत करून टाकली. बिरोबाच्या घरातली बाई हाय ती! आमी काय मेलो हुतो व्हय?"

माझ्या डोक्यात काही शिरेना.

"आन वाकडी थापायची म्हंजे काय? मेलेल्या माणसाची थट्टा करताय?"

ते शिरलं. म्हटलं, "थट्टा तुझ्या चुलत्यानं केली. वीस वर्षं चिटोरीत कोंबली."

"खुलासा छापा. न्हायतर मी येतू तितं."

"ये की. रस्ता माहीत आहे काय तुला?"

त्यानं फोन ठेवला.

३ फेब्रुवारी, मंगळवार

एआयला झापलं. "तू लिंगैक्य कशाला घातलंस?"

ते म्हणालं, "आपण दिलेल्या नमुन्यातील शब्द मी तसाच वापरला. दिवंगत व्यक्ती कोणत्या समाजाच्या आहेत हे मी आधी विचारायला हवे होते. क्षमस्व."

त्याचं ठीक आहे, त्यानं तिला बघितलेलं नाही. मी तो मजकूर चार वेळा वाचला. आमच्याकडं लिंगायतांत माणूस जातं तेव्हा लिंगैक्य होतं. धनगराचं वेगळं असतं हे मला काय माहीत नाही? समोर दुसरी कुणी धनगरीण असती तर लगेच खटकलं असतं. कस्तुराक्काच्या बाबतीत सुचलंच नाही. का सुचलं नाही, कुणास ठाऊक. वय झालं माझं.

इभूतीचं पण तसंच. ती आमच्या देवघरातली इभूत सकाळी बोटानं लावायची. म्हणायची, "तुझा देव हितं हाताशी हाय, माझा लांब हाय. त्यो काय रागावतूय." पण भाकरीला बसेपर्यंत घामानं सगळं जायचं. फोटोत आहे ते इभूत नाहीच. ते पीठ आहे. पिठाच्या हातानं घाम पुसायची, त्याचे पट्टे. वीरभद्रप्पानं शब्द बघितला, पट्टे बघितले आणि चित्र ठोकून दिलं. मी पण चित्र बघून खूश.

आज एआयशी जास्त बोलले नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बिरुदेव आला.

मी चुलीपुढं. दारात सावली पडली. त्या दिवशी गाडीपाशी नीट बघितलाच नव्हता. उंच झालाय, चालणं आईसारखं, जरा डावीकडं झुकून. ह्या घरी मागं एकदाच आला होता तेव्हा मिसरूड फुटत होतं. भांडायच्या तयारीनं आला होता. पण आत येऊन त्यानं पाट बघितला, काटवट बघितली आणि त्याचं पहिलं वाक्य भलतंच निघालं.

"आईच्या पाटावर फोन का ठिवलाय?"

"गाणी ऐकते," म्हटलं. फोन उचलला. तो पाटावर बसला नाही, उंबऱ्यात टेकला. अगदी तिथंच.

चहा दिला. एक घोट घेऊन थांबला. "केवढी साखर घातलीया, मावशी."

"हात तसाच पडतोय आता."

प्यायला सगळा. मग खिशातनं कात्रण काढलं, घडीवर घडी घातलेलं. फोटोवर बोट ठेवलं.

"हे पीठ हाय, व्हय?"

"पीठ."

"रातभर बघत बसलो. इभूत आसती तर तीन पट्टं सारखं आसतं. ह्ये आडवंतिडवं हाय." कात्रण गुडघ्यावर सरळ केलं. "चुलत्याला पटत न्हाय. त्यो म्हणतोय, वाकडी तरी का लिवलं. मी त्याला म्हणालो..." कप बाजूला सरकवला. "आमी मेंढरामागं जायाचो तवा आई आन चुलती दोघी भाकरी बांधून द्यायच्या. चुलतीची गोल, आईची एका अंगाला सुटल्याली. फडकं न सोडता बी मला हाताला कळायचं, माझी कंची. इसरलो हुतो. पेपरात वाचलं आन हात..." त्यानं हात उघडला, मिटला.

मी चुलीत फुंकर घातली. धूर लई झाला होता.

मग म्हणाला, "दुसरं काय काय करायची हितं?"

सांगितलं. एआयला सांगितलेलंच सगळं. पण हा ऐकून गप्प बसेल तर शपथ. "आई खोटं बोलत न्हवती? मला सांगायची, सोलापुरात मी खुर्चीवर बसून काम करती."

"खुर्ची? ह्या घरात खुर्ची कुठं आहे?"

"तेच म्हणतो की. म्हंजे खोटं बोलायची."

"तुझ्याशी बोलली असेल. माझ्याशी नाही."

"आन ती भांडकुदळ न्हवती. वाडीवर आली की शबूद काढायची न्हाय."

"ती? भांडकुदळ नव्हती? अरे, सगळी गल्ली तिला घाबरायची."

"न्हाय, मावशी."

"व्हय, बाबा."

असं दिवस कलेपर्यंत चाललं. माझा घसा बसला. भाकरीचा एक घाणा पण निघाला नाही आज.

जाताना खुलाशाचं काढलं. मी फोन हातात घेतला तर म्हणाला, "फोनला नगा इचारू. मी बारावी हाय." गिरणीच्या डायरीचं मागचं पान फाडून दिलं. त्यानं लिहिलं:

"खुलासा. १ फेब्रुवारीच्या अंकात कै. कस्तुराबाई म्हाळाप्पा गावडे लिंगैक्य झाल्या असे छापले ते चुकून. त्या धनगर, बिरोबाच्या घरातल्या. फोटोत कपाळावर पीठ आहे. बाकी मजकूर बरोबर आहे."

मी म्हटलं, "बाकी म्हणजे?"

"बाकी समदा."

"वाकडी पण?"

"समदा म्हणलं की."

"खाली माझं नाव आहे."

त्यानं माझ्याकडं बघितलं, जसं कस्तुराक्का बघायची, मी तेच तेच विचारल्यावर. "वाचलंय मी," म्हणाला.

तो गाडीला किक मारत होता तेव्हा मला चप्पल आठवली, ती आणून दिली. पिशवीत न घालता त्यानं ती हँडलला अडकवली.

८ फेब्रुवारी, रविवार

खुलासा आला. वीरभद्रप्पानं फोटो पुन्हा घातला, चित्र काढलं. "पीठ आहे असं कुणी छापतं काय," म्हणून कुरकुरत होता. मी म्हटलं, छाप.

दुपारी चहा केला. वाचलं. निधनाच्या पानावर आज पाच जण, त्यातले चार मनमिळाऊ.

एआयला सांगितलं, छापून आलं. ते म्हणालं, "अभिनंदन! आणखी कशात मदत करू?" मी म्हटलं, "थांब जरा." ते थांबलं. थांबायला सांगितलं की लगेच थांबतं. तेच तर.

सिद्धलिंगचे गठ्ठे बांधायचे होते. मागच्या रविवारचे पाच पेपर घडी करून ठेवले होते, ते आणि आजचा असे पुढ्यात घेतले. आत भाकऱ्या गोल, माझ्या हातच्या. त्यांना बाहेरून तिचं पान गुंडाळलं, फोटो वरच्या बाजूला येईल असा. एका गठ्ठ्याला मजकूर, त्याच्यावर खुलासा. सुतळी तोंडावरनं जाऊ नये म्हणून दोनदा सोडून बांधली. सहाही पेपर संपले. घरात एक पण ठेवला नाही. तिनंच सांगितलं होतं, वाया घालवू नको.

गठ्ठे गेल्यावर आठवलं. ते "व परिवार" तेवढं खुलाशात खोडायला पाहिजे होतं. माझ्या लक्षात राहिलं नाही आणि त्या पोरानं पण वाचून तसंच ठेवलं.

आता राहिलं ते राहिलं.